दाराजवळची खुर्ची

सुमनताई, तुम्ही अजून खालीच आहात. मी तिसऱ्या मजल्यावर सर्जिकल वॉर्डात, तुम्ही तळघरात मॉर्च्युरीत, आणि आपल्या दोघींचे पासपोर्ट पहिल्या मजल्यावर पर्सोनेल ऑफिसच्या त्याच लोखंडी कपाटात. तुम्ही होतात तेव्हाही ते तिथेच होते. माणूस मेला तरी त्याला एक्झिटचा शिक्का लागतो, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. कफीलचं, म्हणजे इथे नोकरीवर आणणाऱ्या मालकाचं, पत्र हवं, पोलिसांचा कागद हवा, जेद्दाच्या कॉन्सुलेटचा कागद हवा, श्रीरामपूरहून तुमच्या भावाची सही हवी. ड्यूटी संपली की मी रोज त्या ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहते आणि आतला माणूस मान वर न करता म्हणतो, "बुकरा." उद्या. हा शब्द ऐकला की तुम्ही हसायचात. मला आता तो ऐकवत नाही.

तुमच्याबरोबर यायला मी रजा मागितली होती. मिळाली नाही. तुमचं नातं काय, असं विचारलं. सौदीतल्या खमीस मुशैतच्या ह्या इस्पितळात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या डोक्याला तेल घातलं, पण ह्याला अर्जात कुठलंच नाव नाही. म्हणजे तुम्ही एकट्या जाणार आणि मी इथेच राहणार. खरं सांगू? मला रडण्यापेक्षा राग जास्त येतोय, आणि तो काढायला दुसरं माणूस नाही, म्हणून तुमच्यावरच काढते. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ताई. ते तसंच टाकून तुम्ही गेलात.

तुम्हाला आठवत असेल, मी नवी आले तेव्हा पहिल्या शुक्रवारी तुम्ही मला म्हणालात, "अबाया घाल, आणि बाजाराची पिशवी घे. रिकामी पिशवी बरी दिसत नाही." मला वाटलं, खरंच बाजाराला चाललोय. इस्पितळाच्या बसमधून उतरलो, भाजीच्या गल्लीतून वळलो आणि जॉर्जभाईंच्या इमारतीत शिरलो. जॉर्जभाई आपल्याच एक्सरे विभागातले, त्यांची लीला बालरोग वॉर्डातली, आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत केरळच्या, फिलिपिन्सच्या, आंध्रच्या नर्सेस दाटीवाटीने बसलेल्या. पडदे ओढलेले, एसी मुद्दाम मोठा केलेला, आणि गाणं इतक्या हळू की शेजारणीचा श्वास जास्त ऐकू यावा. लहानपणी जालन्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळात मी घसा फोडून गायले आहे. इथे देवाची स्तुतीसुद्धा ओठांच्या आत ठेवावी लागते, हे मला फार दिवस जमलं नाही. मधेच आवाज निसटायचा आणि दाराजवळच्या खुर्चीतून तुमचं बोट वर व्हायचं.

ती खुर्ची तुमची. आणि मधल्या टेबलावरचा केकही तुमचाच कारभार. अशी प्रार्थनेची सभा भरवायला इथे परवानगी नाही, म्हणून कुणी विचारलं तर वाढदिवस आहे असं सांगायचं, हे फार आधी ठरलेलं. सांगायचं कुणी? तर सुमनताईंनी. तुम्हाला अरबी येत होतं, वय होतं, चेहऱ्यावर जरब होती. शिवाय खालच्या बकाल्याचे, किराणा दुकानाचे, इस्माईलचाचा दापोलीकडचे. दुकान सांभाळता सांभाळता इमारतीत कोण येतं-जातं त्यावर लक्ष ठेवायला इमारतीच्या मालकाने त्यांना सांगितलेलं. केक त्यांच्याकडूनच घ्यायचा. दर शुक्रवारी ते काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारायचे, "काय ताय, आज कोनाचा बर्थडे हाय?" आणि तुम्ही कुणाचं तरी नाव सांगायचात. नंतर जिना चढताना तुम्ही एक शब्द बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, गुडघे दुखतात.

एकदा तुम्ही म्हणालात, "अरबीत खोटं बोलले तर एवढं लागत नाही गं. ह्या माणसाशी मराठीत बोलावं लागतं." तेव्हा मी हसले होते.

जोसलिनचा वाढदिवस तर एका महिन्यात तीनदा झाला. मालकाची बायको भली बाई. तिच्या कानावर गेलं, आणि तिने जोसलिनसाठी खजुराचा डबा वर पाठवला. आम्ही तो डबा हसत हसत फस्त केला. तुम्ही एक खजूर उचललात, पाहिलात आणि परत ठेवलात. पुढच्या आठवड्यात त्या बाईंसाठी तुम्ही स्वतः विणलेला रुमाल पाठवलात. लीला म्हणाली, "सुमनदीदी, आप इतना क्यों सोचती हैं?" तुम्ही म्हणालात, "कोई तो सोचे." त्यावर सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत.

मग जेद्दाहून पास्टर आले. जहाजांच्या कंपनीत कारकून, पण दीक्षा घेतलेले, म्हणून प्रभुभोजन देण्याचा अधिकार त्यांना. सुट्टी मिळेल तेव्हा बसने एवढा घाट चढून यायचे. ते आले की त्या शुक्रवारी केकच्या शेजारी खुबूस, इथली रोटी, असायचा आणि द्राक्षाचा रस. त्यांनी भाकर मोडली, ताट फिरलं. ख्रिस्ताचं आपल्यासाठी मोडलेलं शरीर. एकेकीने तुकडा घेतला आणि ताट दाराजवळ आलं. तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलंत, डोळे मिटलेत, आणि तसंच पुढे दिलंत. मला वाटलं, तुमचं लक्ष नव्हतं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. तेव्हा मी बसस्टॉपवर तुम्हाला अडवून विचारलं.

तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे चर्चची मंडळी एखाद्याला शिस्तीखाली ठेवते की नाही? पाप केलं, सोडलं नाही, तर त्याला ताट मिळत नाही. इथं मला शिस्तीखाली ठेवायला मंडळीचे वडील नाहीत, पंच नाहीत. म्हणून माझी मीच स्वतःला ठेवलंय."

"कशासाठी?"

"दर शुक्रवारी खोटं बोलते म्हणून."

मी म्हटलं, "ताई, ते आपल्या सगळ्यांसाठी बोलता. देवाला कळत नाही का?"

"कळतं. म्हणून तर लाज वाटते. पश्चात्ताप म्हणजे त्या वाटेला पाठ करायची. मी आज क्षमा मागणार आणि येत्या शुक्रवारी पुन्हा दारात उभी राहून तेच सांगणार, हे मला आजच ठाऊक आहे. मग मी कुठल्या तोंडाने भाकर घेऊ?"

"मग बोलू नका ना खोटं."

"आणि ह्या पोरींची नोकरी गेली म्हणजे? एकत्र जमा ही त्याचीच आज्ञा. खोटं बोलू नका हीपण त्याचीच. एक पाळावी तर दुसरी मोडते." बस आली. तुम्ही पदर सावरल्यासारखी अबाया सावरलीत आणि म्हणालात, "दोन्ही दारं बंद असली की मधे कोणीतरी बसावंच लागतं, पोरी."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते ह्या महिन्यापर्यंत. भाजी निवडताना, युनिफॉर्मला इस्त्री करताना, रविवारच्या ड्यूटीवर ड्रेसिंगचा ट्रे लावताना. मी म्हणायचे, कृपा फुकट असते, म्हणून तर तिला कृपा म्हणायचं. आज्ञा पाळून जी मिळवायची ती मजुरी झाली. तुम्ही म्हणायचात, फुकट आहे म्हणून उधळायची नसते. मी म्हणायचे, त्याने किंमत आधीच दिली आहे. तुम्ही म्हणायचात, "दिलीय ना? मग त्याच्या अंगावर मुद्दाम आणखी ओझं टाकायला माझा हात होत नाही." आणि एकदा ग्लोव्ह्ज काढता काढता तुम्ही मला गप्पच केलंत. म्हणालात, "अँटिबायोटिक आहे म्हणून तू कधी घाणेरड्या सुईने टोचतेस का?"

रात्रभर उत्तर सुचलं नाही. सकाळी चहा देताना सुचलं. मी म्हटलं, "नाही टोचत. पण ताई, सुई आधीच टोचून झालीय, ताप चढलाय, आणि पेशंट म्हणतो मी औषध घेण्याच्या लायकीचा नाही. त्याला तुम्ही काय म्हणाल?"

तुम्ही कप ओठाशी नेलात आणि तसाच खाली ठेवलात. "चहा गार झाला," म्हणालात. चहा चांगला वाफाळत होता. ह्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला दिलं नाहीत, ताई. तेवढ्यासाठी तरी थांबायला हवं होतं.

तुमच्या आईची गोष्ट मला कितीतरी नंतर सांगितलीत. तुम्ही सहा वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या. वडील साखर कारखान्यात कामाला आणि मंडळीच्या वडिलांपैकीही एक, घरात प्रार्थनेशिवाय दुसरा उपाय त्यांना माहीत नाही. आई मात्र सगळे झोपलेले पाहून गावच्या देवीला नारळ फोडून आली. तुम्ही बऱ्या झालात, आणि नारळाची बातमीही फुटली. मंडळीपुढे वडिलांनीच उभं राहून सांगितलं, वर्षभर शिस्तीखाली. मग आई देवळात अगदी मागे, दाराशी, चपलांच्या जवळ बसायची आणि तुम्ही तिच्या मांडीवर. ताट यायचं आणि तिच्या डोक्यावरून पुढे जायचं. तिने कधी तक्रार केली नाही. तुम्ही मोठं झाल्यावर विचारलंत तर म्हणाली, "तू जगलीस. मला आणखी काय पाहिजे?"

"आईने चूक केली," तुम्ही मला म्हणालात. "आणि तिने ती केली नसती तर मी तिला कधी माफ केलं नसतं. दोन्ही खरं आहे. मला ते एकत्र बसवता येत नाही." तेव्हा मी वाद घातला नाही. तुमच्या पायाला तेल लावत होते, ते लावत राहिले.

ती आई गेली तेव्हा तुम्हाला एक्झिट मिळाली नाही. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रियाधला गेलेला. तोवर तिकडे माती देऊन झाली. मी ऑफिसात जाऊन आरडाओरडा करणार होते, तुम्ही मला खोलीत कोंडल्यासारखं धरून ठेवलंत. आणि संध्याकाळी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ड्यूटीवर गेलात. मला तुमची इतकी चीड आली होती! मी म्हटलं, हे आज्ञापालन नाही, हा बुळेपणा आहे. तुम्ही टोपीला पिन लावत म्हणालात, "दहा नंबरच्या पेशंटनं माझी आई मारलेली नाही. त्याचं ड्रेसिंग कोण करणार?" तुमच्याशी भांडणं म्हणजे हे असं. दर वेळी मीच बरोबर असायचे आणि दर वेळी मीच गप्प बसायचे.

पण आपण हसलोही पुष्कळ, हे लिहिलं नाही तर तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या पासपोर्टावर जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांची लावली, तीच. खरी तारीख कुणालाच माहीत नाही. आई म्हणायची, बाजरीची काढणी चालली होती. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "ताई, सुटलात! दर शुक्रवारी इस्माईलचाचांना तुमचाच वाढदिवस सांगा. कोण म्हणेल खोटं आहे? तुम्हालाही नाही म्हणता येणार." तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. मग चष्मा पुसून म्हणालात, "देवापुढे वकिली करू नकोस. त्याला वकील लागत नाही." पण मला दिसलं होतं, क्षणभर तुम्हाला मोह झाला होता. त्या एका क्षणासाठी मी तुमच्यावर फार माया केली, ताई.

मग त्या दिवशी फार्मसीपुढच्या पॅसेजमध्ये तुम्ही भिंत धरून खाली बसलात. मेंदूत रक्तस्राव. आपल्याच आयसीयूत, आपल्याच पोरींच्या हातात. पहिल्या संध्याकाळी शुद्ध होती. बोलता येत नव्हतं, डोळे बोलत होते. मी कानाशी वाकून विचारलं, "पास्टरना बोलावू? भाकर घ्याल?" तुम्ही उजवा हात उचललात, जेमतेम गादीपासून वेगळा. आणि तो तसाच खाली पडला. मी इतकी वर्षं पेशंटचे हात वाचते, मला तुमचा हात वाचता आला नाही. तो नको म्हणत होता, की थांब, मी विचार करतेय, असं म्हणत होता, की हो? दुसऱ्या दिवशी नळी घातली, तोंडाने काहीही देऊ नये अशी पाटी लागली. पास्टरना बस मिळून ते येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी रोज तो हात आठवते. इंजेक्शन भरताना, चादर बदलताना. बाहेर डोंगरावर धुकं येतं, शेजारच्या आबा शहराच्या रस्त्यावर माकडं बसलेली असतात, लोक गाड्या थांबवून त्यांना केळी देतात, आणि मला वाटतं ह्या सगळ्यातून मला कुणीतरी बाहेर काढावं. बाहेर म्हणजे कुठे ते माहीत नाही. घरी गेले तरी तो हात बरोबर येणार. तुम्ही भाकर न घेता गेलात, आणि मी तुम्हाला समजावू शकले नाही, ह्याच्यात मी अडकून पडले आहे. कृपा पुरते असं मी तुम्हाला सांगत होते. ती तुम्हाला पुरली ना, एवढंच मला कुणीतरी खात्रीने सांगावं. पास्टरना विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्याने भागत नाही.

काल शुक्रवार होता. पास्टर थांबले होते. लीला म्हणाली, सभा घेऊ या, सुमनदीदींसाठी. बसमधून उतरलो आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. केक कोण आणणार, दाराशी कोण बसणार? मराठी येणारी मी एकटीच उरले होते.

मी दुकानात शिरले. इस्माईलचाचा अंड्यांचे ट्रे रचत होते. त्यांना कळलेलं होतं. इस्पितळाची बस, आपली माणसं, खमीसमध्ये काय लपतं? ते काउंटरशी आले, दोन्ही हात टेकले. मग सवयीचं तेच विचारलं, पण फार हळू. "आज कोनाचा हाय?"

मी म्हणाले, "सुमनताईंचा."

तोंडातून गेल्यावर कळलं मी काय बोलले. तुमच्या मोहाचं वाक्य मी बोलून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झालेले. म्हणाले, "मग ह्यो ल्हान नको. थांब." आणि आतल्या फ्रिजमधून मोठा केक काढून, खोक्याला सुतळी बांधून माझ्या हातात दिला. त्यांना काय माहीत आहे आणि कधीपासून, हे मला सांगता येणार नाही. जिना चढताना मी एक शब्द बोलले नाही. गुडघ्यांचं कारण नव्हतं, ताई. ते तुमचंही नव्हतं.

वर जाऊन मी तुमच्या खुर्चीत बसले. तिथून खोली वेगळीच दिसते, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. सगळ्यांच्या पाठी दिसतात. गाणं कानात शिरतच नाही, कारण सगळा कान जिन्याकडे. प्रत्येक पाऊल वर येतंय की खाली जातंय, एवढंच ऐकत बसायचं. सगळ्या देवापुढे, आणि आपण दारापुढे. तुम्ही इतके शुक्रवार इथे बसलात.

पास्टरनी भाकर मोडली. ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. दोन्ही हातांनी घेतलं आणि हात तिथेच थांबले. कृपेवर मी तुम्हाला किती ऐकवलं होतं, आणि आता तो खुबूसचा एवढासा तुकडा माझ्याने उचलवेना. पुढच्या शुक्रवारी मी इथेच असणार होते. पुन्हा काउंटर, पुन्हा कुणाचं तरी नाव. माझं मलाच ठाऊक होतं. लीला वळून बघत होती, ताटाची वाट पाहत. तेवढ्यात मला तुमचा तो चहाचा कप आठवला, न प्यायलेला, वाफाळणारा. पेशंट म्हणतो मी औषधाच्या लायकीचा नाही. पेशंट तुम्ही नव्हता, ताई. मी होते.

मी तुकडा घेतला. तुमच्यासाठी घेतला नाही. दुसऱ्याच्या वाटची भाकर खाता येत नाही, हे तुम्हीच रागावून सांगितलं असतंत. माझ्यासाठी घेतला. तो अजून जिभेवर होता, कोरडा, गिळवत नव्हता, आणि दारावर टकटक झाली.

गाणं थांबलं. जोसलिनने केकवरचं झाकण काढलं. मी उठले, दार हातभर उघडलं. इस्माईलचाचा होते, चढून आल्याने धापा टाकत. त्यांच्या खांद्यावरून जिना दिसत होता, माझ्या खांद्यावरून त्यांना खोली दिसत असणार. ओढलेले पडदे, ओल्या डोळ्यांच्या बायका, पास्टरांच्या हातातला पेला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडात भाकर होती.

त्यांनी काहीच विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशातून एक मेणबत्ती काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. "ही खालीच ऱ्हायली व्हती," म्हणाले. मग मूठ धरून दार हळूच ओढलं, कडी नीट बसली का ते बाहेरून ढकलून पाहिलं, आणि जिना उतरून गेले.